पत्र अकरा, पाठची बाजू

आमच्या कामात पानाला पत्र म्हणतात.
हे कुणी कुणाला लिहिलं, माहीत नाही.
नोंदवहीत एवढंच: बाड आठशे चौदा,
घडियाळी पोळातल्या एका माळ्यावरून आलेलं,
लाल खारव्यात, वेखंडाच्या पुरचुंडीसकट.
लिपी अज्ञात. भाषा अज्ञात.
विषय ज्योतिष, पुढे प्रश्नचिन्ह.
ते प्रश्नचिन्ह माझं.

पुण्याहून लिपीतज्ज्ञ आले, दोन दिवस राहिले,
सेव-उसळीवर ताव मारला, म्हणाले,
मोडी नाही, शारदा नाही,
सावकाराची चोरलिपी म्हणावी तर आकडे कुठे आहेत?
आणि जाताना मला:
फेविकॉल नका हं लावू कुठे.

मी वाचत नाही. सांधते.
गव्हाची खळ, जपानी कागद, दोन नंबरचा ब्रश,
बावीस वर्षं.
उत्तरायण जवळ आलं की माझी खळ
भाचा पतंगांसाठी पळवतो; त्याचीही हरकत नाही,
फाटलेलं ते फाटलेलं.

चक्रं मात्र ओळखीची वाटतात.
एकात एक नऊ वर्तुळं,
बाहेरच्या कड्याला आरे, आऱ्यांच्या टोकांना
थेंब, की तारे, की बोरू झटकला नुसता.
सूर्याला मिशा आहेत.
चंद्राला नाहीत, पण तो रुसून बसलाय.
आरे मोजले. सत्तावीस यायला हवेत,
अभिजित धरला तर अठ्ठावीस.
आले एकोणतीस.
हसमुखभाईंना मोजायला लावले.
चहाचा पेला लांब ठेवून, बोट न टेकवता
त्यांनीही मोजले: एकोणतीस.
“एक पगारनो दिवस हशे, बेन.”

तो एकोणतिसावा पिवळ्यावर काढलेला आहे.
हरताळ. चुकलं की लेखक फासायचे तोच,
विषारी, अजून उजळ.
हातमोजे चढवले, दिव्याशी पान तिरकं धरलं.
लेपाखाली तोच आरा,
जरा डावीकडे.
त्याखाली पुन्हा लेप. त्याखाली पुन्हा आरा,
आणखी जरा डावीकडे.

मी ब्रश खाली ठेवला.

म्हणजे हा नकलून काढत नव्हता.
गुरूच्या पोथीवरून उतरवणाऱ्याची चूक
अशी एकाच दिशेने सरकत नाही.
हा रात्री कुठल्यातरी धाब्यावर चढला, पाहिलं,
खाली येऊन काढलं.
दुसऱ्या रात्री ते तिथे नव्हतं.
काय होतं, मला कसं कळणार,
त्याला तरी कळलं होतं का,
पण त्याने आभाळाला खोटं पाडलं नाही,
कागदावर हरताळ फासला
आणि तो वाळेपर्यंत थांबला.
थंडीत वाळायला वेळ लागतो.
त्या वेळात तो काय करत असेल?
घरातलं कुणी म्हणालं असेल, झोपा आता.

वर्तुळांच्या मध्यावर कर्कटकाचं भोक आहे.
अकराव्यातून बाराव्यात, तेराव्यात,
चौदाव्यावर नुसता फोड.
किती जोर लावला होता, बाबा.
नियम असा की भोक दिसलं की बुजवायचं:
कसरीचं, खिळ्याचं, उंदराचं.
कागदाचा टिकलीएवढा तुकडा कापून
चिमट्यात धरून मी बसले.
खिडकीबाहेर कुणाची तरी पतंग कापली गेली,
सगळी पोरं एकदम ओरडली.

तुकडा डबीत परत ठेवला.

अहवालात लिहिलं: पत्र अकरा ते चौदा,
दुरुस्ती पूर्ण, एक छिद्र सोडून.
कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहिलं.
व्हाइटनर लावला.
वाळू दिला.
पुन्हा तेच लिहिलं,
जरा डावीकडे.